कापलेल्या जाळ्यांसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोर अचानक जड झाला की आधी वाटतं, आज बांगडा सापडला. मग पाण्यात काळसर पाठ दिसते, पाठीवर पांढरे ठिपके, आणि पुढे उतरलेला गडी ओरडतो, "ओढू नका रे!" व्हेल शार्क. तोंड केवढं थोरलं, पण खाणं प्लवकाचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं, नि बारीक मासळीचं, तेही गाळून. शेपटीचा फटका मात्र उभा माणूस आडवा करतो. अशा वेळी सुरी काढायची आणि आपलंच जाळं कापायचं, दुसरा इलाज नाही.

आमच्या सोसायटीच्या सभासदांनी हे केलेलं आहे. 2001 पासून हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जाळं कापणाऱ्याला शासनाकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाईही मिळते. पण कागद पुरे होऊन रक्कम हाती येईपर्यंत हंगाम थोडाच थांबतो? त्या मधल्या दिवसांसाठी आम्ही 'जाळे निधी' उभारत आहोत. भरपाई आली की सभासद उचल परत करील आणि तोच पैसा पुढच्याला मिळेल.

"एवढ्या समुद्रात एक मासा सुटला काय नि मेला काय," असं आमच्यातलेही काही म्हणतात. त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जनुकीय तपासणीत हिंदी आणि प्रशांत महासागरातले व्हेल शार्क एकाच गोतावळ्यातले निघाले. अटलांटिकचे तेवढे वेगळे, हे 2014 च्या अभ्यासात स्पष्ट झालं. मग इथले मेले तर तिकडचे येतील? तसं नाही. दर पिढीत थोडे पाहुणे येऊन मिसळले तरी जनुकं सारखी दिसतात, पण तेवढ्याने ओस पडलेला किनारा भरत नाही. ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी. तिच्या फोटोंवरून पाहिलं तर ऑस्ट्रेलियात निंगालूला तेच ते मासे वर्षानुवर्षं परत येताना दिसले. 1995 साली तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे 300 पिल्लं होती. त्यांतल्या 29 पिल्लांची जनुकं पुढे तपासली, तर सगळ्यांचा बाप एकच. एक मादी गेली की काय काय जातं, ते यावरून समजा.

गुजरातेत पूर्वी याच्या तेलाने होड्या माखत. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं, आणि तिथलेच मच्छीमार जाळी कापू लागले. आमच्याकडे बापू नाहीत, पण माहेरवाशीण कळते.

पैशांबरोबर चालू स्थितीतले जुने मोबाइल आणि त्यांची पाणी न शिरणारी पाकिटं हवी आहेत. मासा सोडताना डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या लगेच मागचा फोटो घेता आला तर ओळख पटते. तारकर्लीला डायव्हिंग करणाऱ्यांनी जुने फोटो तारीख आणि जागेसह द्यावेत. मेलेला मासा किनाऱ्याला लागला तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. तपासणीसाठी तुकडा घेणं त्यांच्या परवानगीचं काम आहे.

नारळी पौर्णिमेआधी निधी जमला तर बरं. प्रत्येक रकमेची पावती सोसायटीच्या कचेरीत मिळेल, हिशेब दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लागेल. रोख जमत नसेल तर नायलॉनचा दोरा द्या, तोही चालेल.

आपले,
कार्यकारी मंडळ, मच्छीमार सहकारी सोसायटी
(मालवण किनारा)