मूकपट मुका नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या चित्रपटांवरच्या, त्यातही मूकपटांवरच्या कविता आणि ललित टिपणं येतात, ती मी आवर्जून वाचतो. असा विषय नेटाने चालवल्याबद्दल आपले आभार. पण एक तक्रार आहे. बहुतेक कवितांतला मूकपट एकाच साच्यातला असतो. निःशब्द, काळापांढरा आणि त्यात माणसं तुरुतुरु पळताहेत. त्या मौनाला उसासा जोडायचा, त्या पळापळीत आपल्या आयुष्याची धावपळ बघायची, की झाली कविता.

त्या काळच्या प्रेक्षकाने बहुतेक वेळा असं काही पाहिलंच नव्हतं. मूकपट सहसा शांततेत दाखवत नसत. पडद्यापुढे कुठे एकटा पियानोवाला, तर कुठे आख्खा वाद्यवृंद बसे. रात्रीच्या प्रसंगाची फिल्म निळ्या रंगात बुडवून काढत, दिव्याच्या उजेडातली पिवळसर, आगीची लाल. आणि ती तुरुतुरु चाल? कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर हा वेग २४ वर पक्का झाला आणि जुनी रिळं नव्या वेगाने फिरवली की माणसं पळायला लागली. (विनोदी पटांत गंमत म्हणून मुद्दामही वेग वाढवत, ते वेगळं.) म्हणजे ज्यावर आपले कवी एवढं रूपक रचतात, तो पुष्कळदा प्रोजेक्टरचा दोष असतो.

हे पट ताजे असताना त्यांच्यावर लिहिणाऱ्यांना उसासे टाकावे लागले नाहीत. हार्ट क्रेन या अमेरिकन कवीने १९२१ मध्ये चॅप्लिनचा ‘द किड’ पाहून कविता लिहिली. तिच्यात चित्रपटाची गोष्ट येत नाही. येतं ते पायरीवर सापडलेलं मांजराचं भुकेलं पिल्लू आणि चंद्रप्रकाशातला रिकामा कचऱ्याचा डबा. पट पाहून जी नजर मिळाली, ती कवीने भलतीकडे वापरली. स्पेनच्या राफाएल अल्बेर्तीने तर १९२९ च्या सुमारास मूकपटांतल्या विनोदवीरांवर कवितांची मालिकाच लिहिली, आणि ती वात्रट आहे. आपल्याकडे या विषयावर वात्रट लिहायला कुणी का धजत नाही?

खरं तर पाहण्यासारखं कितीतरी आहे. चॅप्लिनच्याच ‘सिटी लाइट्स’चा (१९३१) शेवट घ्या. दृष्टी परत आलेली फुलवाली समोरच्या फाटक्या माणसाला ओळखत नाही, हसतेच त्याला. दया येऊन नाणं त्याच्या हातावर ठेवते आणि तिची बोटं तिथेच थबकतात. आंधळी असताना तिने हा हात धरलेला असतो. इथे पडद्यावर येणाऱ्या शब्दांच्या पाट्या अगदी मोजक्या आहेत. कवीने त्या बोटांवर लिहावं. ‘मौनाची भाषा’ वगैरे आता पुरे. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्येही (१९१९) सात वर्षांची मंदाकिनी कृष्ण होण्याआधी कॅमेऱ्याला सामोरी होऊन चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. बापाने लेकीचा चेहरा पुराणकथेच्या आधी प्रेक्षकांपुढे ठेवला. हे मला कुठल्याही विरहगीतापेक्षा मोठं वाटतं.

हळहळायचंच असेल तर त्यालाही जागा आहे. त्या काळची फिल्म नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाची असे; ती भसकन पेट घेई, नाहीतर डब्यातच कुजून जाई. बहुसंख्य मूकपट असेच कायमचे गेले. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या ‘जोन ऑफ आर्क’ची (१९२८) मूळ निगेटिव्ह आगीत गेली आणि १९८१ मध्ये तिची एक चांगली प्रत सापडली ती नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात. यावर आपल्या पुरवणीत अजून कुणी लिहिलेलं नाही. हा विषय मी कवींना फुकट देतो.

आता विनंती. प्रत्येक कवितेखाली चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक आणि साल छापावं. यातले बरेच पट आज इंटरनेटवर बघायला मिळतात. कविता आवडली तर वाचक तो पट शोधेल, आणि लिहिण्याआधी तो एकदा नीट पाहायला हवा, याची कवीलाही आठवण राहील.

आपला,
एक नियमित वाचक