वैद्य काकू, पुडी बाजूला सरकवलीत त्याबद्दल

आदरणीय वैद्य काकूंना,
सप्रेम नमस्कार.

समोर आलं की तुम्ही आभार मानू देत नाही, "चहा घेतेस का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

घराचं कर्ज आणि यांची नोकरी, दोन्हींचं ओझं एकदमच डोक्यावर आलं आणि माझी झोप उडाली. पाठ टेकली की छातीत धडधड, रात्री दोनला हप्त्यांचे हिशेब. जो तो सांगायचा, अश्वगंधा घे, आयुर्वेदिक आहे, काही होत नाही. इंदूरच्या सियागंज बाजारातून चूर्णाची पुडी आणली आणि किती घ्यायचं एवढंच विचारायला तुमच्याकडे आले.

तुम्ही पुडी बाजूला सरकवलीत. थायरॉइड आहे? बीपीची, शुगरची गोळी? झोपेची? दिवस आहेत का? कधी कावीळ, लिव्हरचा त्रास? मग गाडी सराफ्यावर, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारावर आली. रात्री अकराला गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणि वर कडक चहा, मग झोप येणार कुठून, असं तोंडावर म्हणालात. तेव्हा राग आला होता हो!

मग बरणीतली मुळी मोडून दाखवलीत. वरून मातकट, आतून पांढरी, कटकन तुटणारी, वासाला उग्र. नीमच मंडीतली, म्हणजे आपल्या माळव्याचीच. मूळच घ्यायचं, पानं मिसळलेला माल नको, हे तेव्हा कळलं. अभ्यासांत बहुतेक मुळीचा अर्क दिला जातो, दिवसाला साधारण ३०० ते ६०० मिलिग्रॅम, तोही काही आठवडेच, आणि झोपेत फरक पडतो पण थोडा, हेही तुम्ही लपवलं नाहीत. चूर्ण आणि अर्क यांचं माप एक नसतं म्हणून मात्रा तुम्हीच ठरवून दिलीत. तीन महिन्यांपुढे घ्यायचं नाही, आणि डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचा.

माझं पाहून सासूबाईंनीही मागितलं. त्यांची थायरॉइडची गोळी चालू आहे. तुम्ही चक्क नाही म्हणालात. अश्वगंधेनं थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं, गोळीवर ते चढलं तर धडधड वाढून आहे ती झोपही जाईल. "आयुर्वेदाची बाई आयुर्वेदालाच नाही म्हणते," असं त्या घरी येऊन पुटपुटल्या.

सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. काळजीवर चूर्ण पुरणार नाही, बोलायला हवं, म्हणून तुम्ही समुपदेशकाकडे धाडलंत, अडल्या रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवायला लावलात. झोप येत नसेल तर लोळत पडायचं नाही, उठून बसायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की अंथरूण सोडायचं. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

आता झोप लागते. त्यात मुळीचा वाटा किती, सराफा सुटल्याचा किती आणि मन मोकळं केल्याचा किती, हे तुम्ही छातीठोकपणे सांगत नाही. पुड्या विकणारे सांगतात.

चूर्ण मुदतीत बंद केलंय. सासूबाई मात्र उरलेली पुडी अजून शोधतायत. रविवारी येऊन त्यांना पुन्हा एकदा समजवा, पोहे करते.

तुमची,
सुदामानगरची शेजारीण