एकवीस दिवसांचं इंजेक्शन

सांगली, रविवार

प्रिय दिल्या,

तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी दवाखान्यात जायचो, आठवतंय? येताना मात्र बसवायचं नाही, म्हणून तू सायकल हातात धरायचास आणि मी लंगडत चालायचो.

शनिवारी तीच वारी पुन्हा केली. या वेळी स्कूटरवर, मागे वरच्या मजल्यावरची प्राची. वय अकरा. आधी घसा, मग ताप, मग आज गुडघा तर उद्या घोटा. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची मायट्रल झडप गळतेय. तोच संधिवाती ताप (ऱ्हुमॅटिक फीवर), माझीच गोष्ट.

सिस्टरनी बाटलीत पाणी घालून हलवलं. तेच दर एकवीस दिवसांनी घ्यायचं, दुधासारखं दाट पेनिसिलिन, १२ लाख युनिट. सुई मध्येच तुंबली, दुसऱ्या बाजूला पुन्हा टोचावं लागलं. पोरगी रडली नाही, माझं मनगट तेवढं घट्ट धरलं. बाहेर आल्यावर विचारते, "काका, असं किती दिवस?" मी म्हटलं, "बघू." किमान दहा वर्षं, कदाचित चाळिशीपर्यंत, हे स्कूटर चालवता चालवता कसं सांगायचं?

आणि मी कुठल्या तोंडाने सांगू? हॉस्टेलवर मीच इंजेक्शन बंद केलं होतं. आईचा फोन आला की तू सांगायचास, "हो काकू, घेतलं त्याने." तुला दोष देत नाही, मीच तसं सांगायला लावलं होतं. घसा पुन्हा सुजला, जंतूंशी लढणारं रक्त पुन्हा आपल्याच झडपेवर उलटलं, आणि बत्तिसाव्या वर्षी आकसलेली झडप फुगा घालून उघडावी लागली. औषधावर माझा राग नव्हता रे. दोन दिवस नीट बसता येत नाही, एवढ्याच कारणासाठी मी पळालो.

औषध चोख आहे, यात वाद नाही. युगांडात ८१८ मुलांवर अभ्यास झाला, निकाल २०२१ मध्ये आला. एकोत आजाराची नुसती चाहूल दिसणारी मुलं होती ती. दोन वर्षांत, इंजेक्शन न घेणाऱ्यांतल्या ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला, घेणाऱ्यांत फक्त ०.८ टक्के. पण औषध १९५०च्या दशकातलं, आणि द्यायची तऱ्हाही जवळपास तेव्हाचीच. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या पोरांचा आजार, कोणाला घाई असणार!

म्हणूनच तुझ्या पर्थचं नाव वाचून उडालोच. तिथल्या संशोधकांनी हेच पेनिसिलिन, पण कितीतरी मोठा डोस, पोटाच्या कातडीखाली सावकाश सोडून पाहिला. आधी निरोगी माणसांवर, मग न्यूझीलंडमध्ये आजार झालेल्या तरुण मुलांवर. तिथून ते हळूहळू रक्तात झिरपतं, म्हणजे एकवीस दिवसांऐवजी अडीच-तीन महिन्यांनी एकदा टोचलं तरी भागावं. वर्षाला सतरा ऐवजी चार-पाच वेळा! ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचे असेच हाल होतात म्हणे. आपल्याकडे यायला वेळ लागेल, कळतं मला. तोवर न्यूझीलंडमध्ये इंजेक्शनातच लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, मिसळतात. ते इथे का जमू नये, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारणार आहे.

तू एक कर. तिथे या कामातलं कोणी भेटलं तर मुलांना ते कसं वाटलं, तेवढं विचार. आकडे नकोत. किती दुखलं, लगेच खेळायला गेली का, एवढंच.

प्राचीच्या आईने कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केलाय, अगदी माझ्या आईसारखा. त्या दिवशी मी रजा टाकलीय.

तुझा,
बंड्या