डिस्कच्या नावावर विसंबू नका, असे सांगणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्याशी फोनवर झालेल्या तीन संध्याकाळच्या बोलण्याचे आभार मानण्यास मी फार उशीर केला, त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो.

आपल्याला पहिला फोन केला तेव्हा मी नुकताच एक डेटाची डिस्क पुसून बसलो होतो. सर्व्हरमध्ये एकाच आकाराच्या दोन एसएसडी होत्या, एक प्रणालीसाठी आणि दुसरी डेटासाठी. आयरॉनिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवर प्रणाली चढवणाऱ्या ओपनस्टॅकच्या सेवेत, रीबिल्ड (प्रणाली नव्याने चढवणे) करताना डिस्का पुसणारी साफसफाईची पायरी येत नाही, एवढे मला ठाऊक होते आणि तेवढ्याच भरवशावर मी आज्ञा दिली. सर्व्हरने पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट होण्याच्या पद्धतीने) रॅमडिस्क, म्हणजे मेमरीतच चालणारी छोटी प्रणाली, उचलली, तिच्यातला आयरॉनिकचा पायथॉन एजंट जागा झाला, त्याने नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते दाखवून आयरॉनिककडची स्वतःची नोंद शोधून घेतली, आणि प्रणालीची नवी प्रतिमा सरळ डेटाच्या डिस्कवर लिहिली. चूक एजंटची नव्हती. डिस्क कोणती हे सांगितलेले नसेल, तर तो चार जीबीहून मोठ्या डिस्कांपैकी सर्वांत लहान निवडतो. दोन्ही सारख्याच असतील, तर कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) त्या वेळी जी आधी दिसली तीच बहुधा त्याच्या हाती लागते, आणि हा क्रम प्रत्येक बूटला तोच राहील याची हमी नाही.

आपला पहिला प्रश्न मला आजही आठवतो: "एसडीए म्हणजे कोणती डिस्क, हे तुम्हाला कोणी सांगितले?" एसडीए हे लिनक्सने डिस्कला दिलेले नाव, आणि ते डिस्क दिसण्याच्या क्रमानुसार बदलू शकते. मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी सर्व्हर रूममध्ये जाऊन, ट्रे बाहेर ओढून, चिकटपट्टीवरचे अनुक्रमांक टॉर्चच्या उजेडात वहीत उतरवून घेतले आणि आयरॉनिकमधील प्रत्येक नोडला (सर्व्हरच्या नोंदीला) रूट डिव्हाइसची, म्हणजे प्रणाली ज्या डिस्कवर लिहायची तिची, खूण म्हणून ते दिले.

परंतु मला खरे ऋण वाटते ते दुसऱ्या संध्याकाळचे. खूण द्यायची राहून गेली तर एजंटने काम थांबवावे, म्हणून मी त्याच्या मूळ कोडमध्येच बदल करून ठेवला होता. तो आपण न रागावता बाजूला ठेवायला लावलात, आणि स्वतंत्र हार्डवेअर मॅनेजर (एजंटला बाहेरून जोडता येणारा कोडचा भाग) लिहिण्यास सांगितलेत, म्हणजे एजंटची नवी आवृत्ती आली तरी माझे ठिगळ उसवणार नाही. मी तसे केले, चाचणीही केली, आणि तरीही एजंटने खुशाल डिस्क निवडली! माझा कोड 'इनकम्पॅटिबल हार्डवेअर मेथड एरर' फेकत होता. त्या त्रुटीचा अर्थ "नको" असा नसून "हे मला जमत नाही, पुढच्याला विचारा" असा आहे, म्हणून एजंट निमूटपणे सर्वसाधारण मॅनेजरकडे जात होता आणि तो जुन्याच नियमाने निवड करत होता, हे आपण लॉगच्या दोन ओळी वाचून ओळखलेत. त्याऐवजी 'डिव्हाइस नॉट फाउंड' फेकली, तेव्हा डिप्लॉय (प्रणाली चढवण्याचे काम) जागच्या जागी थांबले. मी एकटा असतो, तर हे दिसायला मला आणखी एक डिस्क गमवावी लागली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसऱ्या संध्याकाळी आपण सुशी-टूल्सच्या (आभासी यंत्रे खऱ्या सर्व्हरसारखी हाताळू देणाऱ्या साधनांच्या) साह्याने आभासी यंत्रे उभी करून, सारख्या आकाराच्या दोन डिस्कांचा क्रम उलटसुलट करीत पाहण्याची रीत दाखवलीत. हे काम कंटाळवाणे आहे, आणि खऱ्या लोखंडावर हात ठेवण्याची घाई झालेल्या माझ्यासारख्याला तर विशेषच, पण आता त्याशिवाय मी बदल पुढे पाठवत नाही.

तो मॅनेजर चाचण्यांसह मी अपाची परवान्याखाली खुला केला आहे. त्यातील एका तपासणीच्या वर टिपणात आपला प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. नाव मात्र आपल्या इच्छेनुसार घातलेले नाही. सवड झाल्यास नजर टाकावी, चुका दिसल्यास नेहमीप्रमाणे निःसंकोच दाखवाव्यात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपला नम्र,
नाशिकचा एक आयरॉनिक-वापरकर्ता