पीएच 74 आणि एका रात्रीत झालेला रिव्ह्यू

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री साहेब,

मी एका सरकारी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेसाठी, एक पेपर कमी पडत होता, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका जर्नलला रात्री साडेदहाला मेल केला आणि सकाळचा चहा व्हायच्या आत ॲक्सेप्टन्स लेटर हजर, खाली क्यूआर कोड, 1,800 रुपये, सर्टिफिकेट फ्री. रिव्ह्यूअरची, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्याची, कमेंट एकच, 'गुड पेपर'. टेबलात माझ्याकडून पीएच 7.4 च्या जागी 74 पडला होता तो तसाच छापून आला. पीएचची पट्टी साधारण 0 ते 14, अकरावीचं पोरगं हसेल हो! पैसे मीच भरले, चूक माझी आहेच.

पण सरळ रस्त्याने जावं तर चांगल्या ओपन ॲक्सेस (वाचकाला फुकट, खर्च लेखकाचा) जर्नलची फी दोन-तीन हजार डॉलर, म्हणजे माझे दोन-तीन पगार. नेचर या नामांकित जर्नलने 2020 मध्ये 9,500 युरो जाहीर केलेली, ते तर सोडाच. मोठे प्रकाशक पूर्ण माफी देतात ती गरीब देशांना, त्यात आपण बसत नाही.

2018 मध्ये करंट सायन्समध्ये आलं होतं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य जर्नल्सच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1,009 जर्नल्स तपासली तर 88 टक्के बाद. मग यूजीसीचीच निवडक जर्नल्सची केअर लिस्ट आली, तीपण फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, आता म्हणे ज्याचं त्याने ठरवा. आमच्याकडे ठरवतात म्हणजे आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, आहे का बघतात, बस. अहो ती गाडीची नंबरप्लेट झाली, ब्रेक लागतात का ते कुठे कळतं त्यावरून?

सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला देणाऱ्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी दिलेत, वाचायची सोय झाली, खरंच आभार. आता छापायचंही बघा. कॅसच्या फाईलला पेपरसोबत रिव्ह्यू रिपोर्ट जोडायची सक्ती करा, रिव्ह्यूअरचं नाव झाकून चालेल. आणि जो नीट रिव्ह्यू करतो त्याला काहीतरी द्या, मी फुकट पेपर तपासतो, एकेकाला दोन रविवार जातात आणि बढतीसाठी मोजतात त्या रिसर्च स्कोअरमध्ये त्याचा एक मार्क नाही, मग लोक 'गुड पेपर' लिहून मोकळे होणारच ना.

तो 74 वाला पेपर मागे घ्या म्हणून त्या जर्नलला मेल केला. विथड्रॉवल फी 2,500 मागतायत.

आपला,
एक असिस्टंट प्रोफेसर