विहीर रविवारी उपसू नका

प्रिय बापू,

चार महिने पत्र नाही, त्याबद्दल भेटल्यावर काय ते ऐकव. माझी तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते तुझ्या फोनमुळे. पूर ओसरला, रविवारी विहीर एका दमात उपसणार आणि वरून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मारणार, एवढं बोललास आणि फोन कटला. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

एका दमात उपसू नका. पूर उतरला तरी भोवतालच्या जमिनीत पाणी मुरलेलं असतं. ते बांधकामाला बाहेरून रेटतं आणि आतलं पाणी त्याला आतून टेकू देतं. तो टेकू झटकन काढलात की भिंत आत येते, काठ खचतो, आणि नेमकं तेव्हा अर्धं गाव काठावरून वाकून बघत असतं. आधी शिवारातलं पाणी उतरू द्या. मग थोडं उपसा, थांबा, पाझर बघा, पुन्हा उपसा. सांध्यांतून माती वाहून यायला लागली तर पंप बंद आणि माणसं मागे.

दुसरी धास्ती इंजिनची. वरून पंप साधारण सात मीटरच्या आतलंच पाणी ओढतो. पातळी त्याखाली गेली की कुणीतरी म्हणतंच, ‘इंजिन आत उतरवू.’ बापू, हे कुणालाही करू देऊ नकोस. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत कोंडतो, त्याला वास नसतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कंदील सोडून बघायची अण्णांची रीत इथे कामाची नाही. या वायूत कंदील जळतच राहतो. पाणबुडी पंप लावा, तोही स्टार्टर पूर्ण वाळवून, वायरमनला दाखवून. आणि आत माणूस असताना वीज बंद.

गाळ निघाला, आतली भिंत टीसीएलच्या पाण्याने घासली, ते पाणी उपसून फेकलं, की नवं पाणी भरून निवळू द्या. गढूळ पाण्यातली घाण क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी काही उरत नाही.

आता मात्रा. तुझं गणित शाळेपासून मला ठाऊक आहे, म्हणून मांडूनच देतो. व्यास 4 मीटर, पाणी 5 मीटर असेल तर 3.14 गुणिले 4 गुणिले 4 गुणिले 5, भागिले 4, म्हणजे 62.8 घनमीटर, 62,800 लिटर. नेहमीचा ठोकताळा 1,000 लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या पावडरीचा, म्हणजे 157 ग्रॅम. पुरानंतर त्यावर विसंबू नका. आरोग्य केंद्रातून हॉरॉक्सची पेटी मागवा, पाण्याला नेमकी किती पावडर लागेल ते तिच्यावरून कळतं. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या पाण्यासाठी वापरलेली ही तपासणी आजही चोख काम देते. काळ्या कपात सपाट चमचाभर, 2 ग्रॅम, पावडर घेऊन लगदा करा, खुणेपर्यंत पाणी घाला, ढवळा, निवळी होऊ द्या. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घेऊन त्या निवळीचे अनुक्रमे एक ते सहा थेंब टाका, ढवळून अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब, क्लोरीन उरला असेल तर ते निळं होतं. पहिला निळा कप तिसरा असेल तर 455 लिटरला तीन चमचे, 6 ग्रॅम. तुझ्या विहिरीला हे होतं जवळपास 830 ग्रॅम. 157 कुठे आणि 830 कुठे! एकही कप निळा झाला नाही तर बहुधा पावडर मेलेली आहे. उघड्या पिंपात, दमट खोलीत ठेवली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो.

पावडर वरून भुरभुरवायची नाही, यावरून आपण दोघं किती भांडलो होतो! बादलीत एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. लगदा करून बादली पाऊण भरा, दहा मिनिटांनी निवळी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना टाकून द्या. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवा. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी तपासणी. लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला नाही तर पुन्हा मात्रा. झऱ्यांतून घाण येत राहते, म्हणून तपासणी रोज. तेवढा क्लोरीन दिसेपर्यंत रहाटाला लाल फडकं बांधा आणि सगळ्यांना गाळून, खळखळ उकळून पाणी प्यायला सांगा. शकूमावशींना तू स्वतः जाऊन सांग, त्या दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.

कठड्याचं भांडण अजून मिटलेलं नाही हं. पुराची रेघ भिंतीवर ताजी आहे तोवर तिथे रंगाने खूण कर. नवा कठडा तिच्यावर गेला पाहिजे, भोवती मीटरभर सिमेंटचा ओटा हवा. वाळल्यावर ती रेघ दिसेनाशी होते आणि मग उंची जो तो अंदाजाने सांगतो.

ताईचा निकाल कळला, फार आनंद झाला. वहिनींची कंबर कशी आहे? छपराचं काम झालं का?

नवं पाणी निवळलं की विहिरीचा व्यास, पाण्याची खोली आणि कितवा कप निळा झाला ते फोनवर सांग. हिशोब मी करतो.

तुझा,
दिनू