बाळाच्या मूत्रपिंडाची नोंद जन्माआधीपासून हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त पाणी पुरेसे प्या, मीठ बेताने खा, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, असे सांगणारे लेख सर्वच वृत्तपत्रांत येतात. सल्ला योग्यच आहे. मात्र मूत्रपिंडाचा आजार चाळिशीनंतरचा, असा समज त्यातून पक्का होतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्याची दुसरी बाजू मांडायची आहे. लहान मुलांमधील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे सर्वांत मोठे कारण जन्मजात रचनादोष हे आहे आणि त्याचा उगम बहुधा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत असतो.

गर्भधारणेनंतर पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भातील एका नलिकेला बारीकसा अंकुर फुटतो आणि तो शेजारच्या पेशीसमूहात शिरतो. हा पेशीसमूह ‘जीडीएनएफ’ नावाचे प्रथिन स्रवतो, अंकुरावरील ‘रेट’ हा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारे प्रथिन, ते टिपतो आणि अंकुराला फांद्या फुटत जातात. या फांद्यांच्या टोकांकडून मिळणाऱ्या इशाऱ्यांवर भोवतालच्या पेशींपासून नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, घडतात. अंकुर फुटलाच नाही तर त्या बाजूचे मूत्रपिंड तयार होत नाही. भलत्या जागी फुटला तर मूत्रवाहिनी मूत्राशयाला चुकीच्या ठिकाणी जोडली जाऊन लघवी उलट वर चढू शकते. नेफ्रॉन घडण्याचे काम साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत संपते. त्यानंतर त्यांत भर पडत नाही. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असे आपण शिकतो, पण प्रत्यक्षात कोणाकडे जेमतेम दोन लाख असतात, तर कोणाकडे वीस लाखांहून अधिक.

या कामावर अनेक जनुकांचे नियंत्रण असते आणि त्यांतील काही अन्य अवयवही घडवतात. म्हणूनच ‘पॅक्स-२’ बिघडले तर मूत्रपिंडाबरोबर डोळ्याच्या मज्जातंतूत दोष आढळतो, ‘ईवायए-१’ बिघडले तर ऐकू कमी येते आणि ‘एचएनएफ-१बी’मधील दोष असलेल्यांना पुढे तरुण वयातच मधुमेह होऊ शकतो. एकाच घरात, एकाच दोषामुळे, बापाच्या मूत्रपिंडात एखादी निरुपद्रवी गाठ असावी आणि मुलाची दोन्ही मूत्रपिंडे खुरटलेली असावीत, असेही घडते. पुष्कळदा हा बदल आईवडिलांत नसतोच, तो बाळातच प्रथम उद्भवतो. अर्थात, एकाच जनुकावर बोट ठेवता येईल असे रुग्ण फार तर पाचांत एक. बाकीच्यांत अनेक घटक एकत्र येतात.

तरीही सोनोग्राफीचा अहवाल हाती पडला की घरी ‘बाळाच्या किडनीला सूज आहे’ एवढाच निरोप पोहोचतो आणि सुनेने ग्रहण पाळले नाही, काहीतरी उष्ण खाल्ले, अशी उलटतपासणी सुरू होते. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आईचे कुपोषण आणि मधुमेह यांचा परिणाम होतो हे खरे. रक्तदाबावरील एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे तर गर्भाच्या मूत्रपिंडाला थेट अपाय करतात, म्हणून दिवस राहण्याचा विचार असतानाच ती बदलून घ्यावीत. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले आणि इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत त्यांच्या पोटातील अवयवही लहान आढळले. कमी वजनाच्या बाळात नेफ्रॉन कमी असतात आणि त्यातून पुढे रक्तदाब वाढतो, हा विचार अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडला होता. तेव्हा पोषणाची जबाबदारी आहेच, पण ती एकट्या आईच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

मुलांतील जन्मदोष व आजार तपासणीतून लवकर शोधणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाला. त्याच्या मूळ यादीतील नऊ जन्मदोषांत दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयदोष, मोतीबिंदू आहेत; मूत्रपिंड नाही. मूत्रपिंडातील दोष वरून दिसत नाही, ही अडचण मी समजू शकतो. परंतु अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत तो पुष्कळदा आधीच दिसलेला असतो. प्रसूतीनंतर तो कागद आईच्या फाइलमध्ये राहतो आणि मूल दोन वर्षांचे झाल्यावर वारंवार येणाऱ्या तापासाठी आमच्याकडे येते, तेव्हा कुठे तो बाहेर निघतो.

आरोग्य विभागाने सोनोग्राफीतील हा निष्कर्ष माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवणे सक्तीचे करावे. जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी, दोष दोन्ही बाजूंना नसल्यास आणि लघवीला अडथळ्याची शंका नसल्यास, सुमारे आठवड्याने करावी, कारण पहिल्या दोन दिवसांत लघवी कमी तयार होत असल्याने फुगवटा दिसत नाही आणि ‘सर्व ठीक’ असा चुकीचा दिलासा मिळतो. अशा मुलांचा रक्तदाब दरवर्षी मोजला जावा. त्यासाठी लहान मुलांच्या मापाचा पट्टा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा. बाळाचा दोष गंभीर असेल तर आईवडील आणि भावंडांचीही एकदा सोनोग्राफी व्हावी. तिला खर्च फार येत नाही आणि जनुकीय तपासणी कोणाची करायची हे पुष्कळदा तिच्यावरूनच ठरवता येते.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा